एका गुणाचे अंतर

२०२२ साली छत्तीसगढ शासनाने दहावी-बारावीच्या मंडळ-परीक्षांत गुणवत्ता यादीत आलेल्या मुलामुलींना हेलिकॉप्टरमधून रायपूरचे दर्शन घडविले. खेड्यापाड्यांतील मुलांना लाभलेल्या त्या आनंदाविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र यादीची अखेरची ओळ जिथे संपते, तिच्याखाली एखाद-दुसऱ्या गुणाने राहिलेले कोणीतरी असू शकते. आणि मग दोघांत पडते ते अक्षरशः जमीन-अस्मानाचे अंतर. एवढा भार तो एक गुण पेलू शकतो काय?

ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू फिलिप हार्टॉग यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासमवेत १९३५ मध्ये परीक्षांचीच परीक्षा घेणारा अहवाल इंग्लंडात प्रसिद्ध केला. इतिहासाच्या त्याच १५ उत्तरपत्रिका त्याच १४ परीक्षकांनी वर्षभराहून अधिक काळाने पुन्हा तपासल्या, तेव्हा २१० निकालांपैकी ९२ बदलले. परीक्षक अनुभवी होते, हे विशेष.

समजा, एखाद्या परीक्षेतील गुणांची प्रमाणत्रुटी ४ आहे. दोघांची तुलना करताना दोघांच्याही त्रुटी हिशेबात धरायला हव्यात. त्या सरळ बेरजेने एकत्र येत नाहीत. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे लागते. म्हणजे फरकाची त्रुटी सुमारे ५.७ होते, आणि अंतर जवळपास ११ गुणांचे भरल्यावाचून रूढ ९५ टक्क्यांच्या कसोटीवर ते लक्षणीय ठरत नाही. अंतर याहून कमी असले म्हणजे दोघे समान ठरले, असेही नाही. प्रश्न अनिर्णित राहिला, एवढेच. अनिर्णित गोष्ट अनिर्णित ठेवण्याचे धैर्य मात्र सहसा कोणत्याच कार्यालयात आढळत नाही.

जागा मोजक्या असतील तर रेघ कुठेतरी ओढावीच लागणार. काठावरच्या उमेदवारांसाठी चिठ्ठ्या टाकाव्यात असे कोणी सुचवले, तर तो गुणवत्तेचा अपमान मानला जाईल. वास्तविक एका गुणाच्या पुराव्यात गुणवत्तेचा अंश तोळामासाच असतो, उरलेली चिठ्ठीच असते. ती कोणी टाकली हे दिसत नाही, म्हणून कोणाला टोचत नाही. राहून गेलेल्या मुलाला मात्र ती आपल्याच उणिवेची खूण वाटते. गुणपत्रिकेवर गुणांच्या शेजारी प्रमाणत्रुटीही छापली, तर निदान ते मूल आणि त्याचे आईवडील तो आकडा निराळ्या नजरेने वाचतील. छपाईचा खर्च वाढेल तो एका रकान्याचा.