दैव पाचवं

"जागा निघेल तिथं फॉर्म टाक, नशिबात असेल तिथं लागेल." जुन्नर-आंबेगावच्या घरांत पदवी किंवा आयटीआय करून बसलेल्या मुलामुलींना हा सल्ला हमखास मिळतो. तो प्रेमापोटी दिलेला असतो, आणि देणाऱ्याला वाटतं की त्यामागे धर्माचं बळही आहे. प्रयत्न आपल्या हातात, फळ देवाच्या हातात. मग हे घेईन आणि ते घेणार नाही असं ठरवणारे आपण कोण? निवडून अर्ज करणाऱ्या मुलाला म्हणूनच 'शहाणपणा करतोय' असं ऐकावं लागतं. मला हा सल्ला व्यवहारात तर महागात पडणारा वाटतोच, पण माझी मुख्य हरकत धर्माच्या अंगानं आहे. दिसेल तिथं अर्ज टाकत सुटलेला माणूस फळाची आशा सोडत नाही, तो ती शंभर ठिकाणी गुंतवून ठेवतो. कुठं अर्ज करायचा, कुठं करायचा नाही, कशाच्या तयारीला किती महिने द्यायचे आणि कधी थांबायचं, हे ठरवणं हा कर्माचाच भाग आहे. तो माणसाच्या वाट्याचा भाग नशिबावर ढकलला, तर त्याला शरणागती म्हणता येणार नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोक, कर्मावर अधिकार आणि फळावर नाही असं सांगणारा, सगळ्यांच्या तोंडी असतो. त्याच्या अवघे सहा श्लोक आधी जे येतं ते मात्र फारसं कुणी काढत नाही. 41व्या श्लोकात सांगितलं आहे की निश्चय झालेली बुद्धी एकच असते आणि निश्चय न झालेल्यांच्या बुद्धीला अंत नसलेल्या अनेक फांद्या फुटतात. लगेच पुढच्या श्लोकांत, भोग आणि ऐश्वर्य यांच्यामागे लागून नाना कर्मकांडं करणाऱ्यांचं वर्णन येतं. म्हणजे या क्रमात, फळाला चिकटलेलं मन हेच अनेक दिशांना धावणारं मन आहे, आणि फळावरचा हक्क सोडायला सांगितलं जातं ते आधी निश्चय करायला सांगून झाल्यावर. गीता रणांगणावर आणि मोक्षाच्या संदर्भात बोलते, तलाठी भरतीबद्दल नाही, हे मला मान्य आहे. पण मन कसं विखुरतं याचं तिनं केलेलं वर्णन कुठल्याही प्रयत्नाला लागू पडतं. ते लागू पडत नसेल, तर 47वा श्लोक तरी नोकरीच्या संदर्भात कशाला म्हणायचा?

दैवाचं स्थानही गीतेनं नेमकं सांगून ठेवलं आहे. अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म तडीला जाण्याची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. दैव तिथं आहे, नाकारलेलं नाही. पण ते पाचवं आहे, आणि आधीची चार कारणं उभी राहिल्यावर त्याची पाळी येते. योगवासिष्ठाच्या मुमुक्षु प्रकरणात वसिष्ठ रामाला याहून कडक शब्दांत सांगतात. दैव म्हणून जे म्हटलं जातं ते आपलंच पूर्वीचं कर्म, आणि आजचा प्रयत्न त्याच्याशी दोन एडक्यांसारखा टकरा घेतो. जो बलवान तो जिंकतो. नशिबाचं नाव घेऊन निवड टाळणाऱ्याला या दोन्ही ग्रंथांत आधार सापडत नाही.

आता हीच पाच कारणं भरतीच्या मैदानावर नेऊन पाहू. 2024 साली राज्यात पोलीस भरती झाली तेव्हा 17,471 जागांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज आले. त्याआधी 2023च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज होते. तलाठी भरतीचं परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला एक हजार रुपये आणि राखीव प्रवर्गाला नऊशे होतं. हे आकडे पाहून 'एवढ्या गर्दीत आपण काय निवडणार' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण पोलीस भरतीचा नियमच निवड करायला लावतो. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. मग पहाटे धावायला जाणारी मुलं व्यायाम संपल्यावर घोळका करून बसतात आणि हिशेब मांडतात: पुणे ग्रामीण टाकावं, पिंपरी-चिंचवड टाकावं, की ठाणे? आपल्या प्रवर्गाच्या जागा कुठं किती, मागच्या वेळी मेरिट कितीला लागलं, मैदानी 50 गुणांपैकी आपले किती पडतील, लेखीच्या शंभरात कितीची भर घालता येईल? शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ घेतला आहे. इथं तर उंची, छाती, सोळाशे मीटरची वेळ आणि गोळ्याचं अंतर मोजूनच पहिलं कारण तपासलं जातं. कर्ता तोच आहे. साधनं म्हणजे पुस्तकं, बूट, नॉन-क्रिमीलेयरचा दाखला, जात पडताळणीचं प्रमाणपत्र. हालचाली म्हणजे वर्षभराची दिनचर्या. एवढं सगळं जागेवर आल्यावरही पेपर अवघड निघतो, ऐन धावण्याच्या दिवशी पाऊस येतो, एका गुणानं यादी हुकते. तेवढं दैव. ज्यानं दाखल्याची मुदत पाहिली नाही आणि ऐनवेळी त्याचा अर्ज बाद झाला, त्यानं दैवाला बोल लावणं हा दैवावरच अन्याय आहे.

जीविका आणि धर्म यांचा विचार एकत्र करण्याची सवय या मुलखाला फार जुनी आहे. नाणेघाटातून चढून येणारा माल जुन्नरच्या बाजारात उतरत होता, त्या सातवाहन-क्षत्रपांच्या काळात भोवतालच्या डोंगरांत बौद्ध लेणी कोरली गेली. त्यांतल्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे संघासाठी ठेवी ठेवल्याचे उल्लेखही तिथल्या लेखांत येतात. ज्या धर्माच्या भिक्षूंसाठी हे दान होतं, त्या धर्मानं सम्यक आजीविका अष्टांगिक मार्गात घातली आणि उपासकानं करू नयेत असे पाच व्यापार सांगितले: शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. आजच्या वाचकाला त्यातला प्रत्येक निषेध पटेलच असं नाही, आणि त्याची गरजही नाही. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते असं की, दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारी गावातही काही कामं पैसे मिळत असूनही घेऊ नयेत, हा विचार धर्माचा मानला गेला. सावकारीच्या वसुलीची नोकरी, खोट्या योजना विकायला लावणारी नोकरी आजही समोर येते. 'मिळेल ते कर' म्हणणारा सल्ला इथं गप्प होतो. निवडीची रीत आधीपासून अंगी असेल, तर माणूस इथंही स्वतःला प्रश्न विचारू शकतो.

इथं सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिक ठरेल. ज्या गीतेचा आधार घेऊन निवडीची बाजू मांडायची, तीच स्वधर्माच्या नावाखाली जन्मानं ठरलेलं काम करायला सांगते, असं तिचं वाचन शतकानुशतकं झालेलं आहे. 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिलं की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. माणसाची आवड आणि कुवत तिच्यात मोजलीच जात नाही. काम आधीच ठरलेलं असतं. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि माझं म्हणणं त्यामुळे ढासळत नाही, अधिक पक्कं होतं. जन्मानं ठरलेलं आणि नशिबानं ठरलेलं या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत, कारण दोन्हीत माणसानं स्वतः ठरवण्याची जागा पुसली जाते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना काम निवडण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्या नातवंडांनी तो अधिकार वापरताना 'नशिबात असेल ते' म्हणत तो परत देऊन टाकावा, हे मला बघवत नाही. स्वधर्म हा शब्द आज वापरायचाच असेल, तर स्वतःची कुवत ओळखून स्वतः स्वीकारलेलं काम एवढाच त्याचा अर्थ मी घेईन. गीतेच्या जुन्या टीकाकारांपैकी बहुतेकांना तो मान्य होणार नाही. तरी माझा आग्रह त्याच अर्थाचा राहील.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. निवड ही भरल्या पोटाची चैन, ज्याच्या घरी कर्ज आहे त्यानं कसली निवड करायची? उत्तर नारायणगावला पाहायला मिळतं. तिथं सकाळी मजुरांचा अड्डा भरतो. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातून आलेली माणसं रोजंदारीच्या कामासाठी थांबलेली असतात आणि टोमॅटो-द्राक्षांचे बागायतदार गाड्या घेऊन येतात. या माणसांइतकी गरज क्वचितच कुणाला असेल. तरी गाडीत चढण्याआधी विचारणा होते: काम कसलं, रोज किती, जायचं कुठं, संध्याकाळी परत आणून सोडणार का? पहिल्या गाडीत डोळे मिटून कुणी चढत नाही, कारण चुकीच्या गाडीत गेलेला दिवस परत मिळत नाही. गरिबाला चुकीची निवड परवडत नाही, म्हणूनच त्याला निवडीची गरज जास्त. शुल्काचे हजार रुपये, केंद्रावर जायचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज हे सगळं धरलं, तर एक वायफळ अर्ज मजुराच्या घरात कित्येक दिवसांची कमाई खातो. आज पोटासाठी चाकणला ठेकेदाराकडे कंत्राटी काम धरणं आणि त्याच वेळी पुढच्या कामाचा शोध ठरवून करणं, यांत विरोध नाही. आजचं काम गरजेनं घेतलेलं असतं, शोध मात्र आपल्या हातात ठेवता येतो.

तिसरा आक्षेप उलट बाजूनं येतो आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. निवडीचा आग्रह धरला की माणूस एकाच परीक्षेला वर्षानुवर्षं चिकटून बसतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांत जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतली मुलंही आहेत. खुल्या प्रवर्गाला 38 वर्षांपर्यंत आणि मागासवर्गीयांना 43 पर्यंत वयाची मुभा असल्यानं 'यंदा नाही तर पुढच्या वर्षी' असं स्वतःला सांगत राहता येतं. ही निवड आहे का? सुरुवातीला होती. पुढं तिची आसक्ती झाली, आणि आसक्तीची खूण ही की पर्याय पुन्हा तपासायची मनाची तयारीच उरत नाही. म्हणून शोधाच्या योजनेत शेवटही आधीच लिहिलेला असावा: किती प्रयत्न, कोणत्या वयापर्यंत, त्यानंतर कोणतं काम. ही मर्यादा मन शांत असताना, निकालाच्या आधी घालायची. निकालाच्या दिवशी घातलेली मर्यादा निराशेतून येते आणि चार दिवसांत मोडते. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारा इंजिनिअर असो की आयटीआयचा फिटर, त्याच्या वहीत या तीन गोष्टी असतील तर घरच्यांशी बोलणंही सोपं होतं. आईवडिलांना मुलाच्या निवडीची भीती नसते, तिला अंत नसण्याची असते.

आणि शेवटी दुसऱ्याचा प्रश्न. दिसेल तिथं अर्ज करणारा फक्त स्वतःचं नुकसान करतो असं आपण धरून चालतो. पण तोच हुशार असला तर तीन याद्यांत येतो, एका ठिकाणी रुजू होतो आणि उरलेल्या दोन जागा अडवून ठेवतो. अपरिग्रहाचा विचार आपण पैशापुरता आणि धान्यापुरता करतो. संधीचाही साठा होतो हे लक्षात घेत नाही. नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्यांत यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात तेव्हा हा विचार रोखठोकपणे पाळावा लागतो. अनेक गावांच्या यात्रा एकाच तिथीला येतात, फड एका रात्री एकाच गावात उभा राहू शकतो, आणि एकदा सुपारी घेतली की दुसऱ्या गावाला नाही म्हणावं लागतं, म्हणजे त्या गावाला वेळेवर दुसरा फड ठरवता येतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानंही अंतिम शिफारशीआधी भरतीतून बाहेर पडण्याचा विकल्प उमेदवारांना दिला आहे. आधीच्या पदावर समाधानी असलेल्यानं, किंवा जे पद आपण घेणारच नाही त्याच्या यादीत आलेल्यानं तो विकल्प वेळेत भरला, तर त्याच्या खालच्या उमेदवाराची शिफारस होते. तो खालचा उमेदवार कोण हे भरणाऱ्याला कधी कळत नाही, त्याचे आभारही मिळत नाहीत. फळाची अपेक्षा नसलेलं कर्म शोधायचंच असेल, तर भरतीच्या या सगळ्या धावपळीत ते मला त्या एका विकल्पात दिसतं, आणि तो भरता येतो तो फक्त आपल्याला काय हवं आहे हे आधी ठरवलेल्या माणसाला.