खालीं पाहणारा बंधु

आमच्या गांवांत नजरेचे दोन कायदे चालतात. नवी सून वडीलधाऱ्यांसमोर डोळे वर करून बोलली कीं ती उद्धट ठरते. मुलगा गुरुजींपुढें मान खालीं घालून उभा राहिला कीं त्यास मर्यादशील म्हणतात. परंतु त्याच मुलावर कांहीं आळ आला म्हणजे तेच गुरुजी दरडावतात, "माझ्याकडे बघून बोल!" आणि त्यानें खालीं पाहिलें तर चोराच्या मनांत चांदणें असें म्हणून निकाल देऊन मोकळे होतात. काल जें विनयाचें लक्षण होतें तेंच आज अपराधाची साक्ष कसें झालें? नजरेवरून मनुष्याच्या अंतःकरणाचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? या प्रश्नाचा विचार आमच्या मंडळ्यांनीं, विशेषेंकरून उपदेशक बंधूंनीं, करावा म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील मंडळींत कित्येक तरुण प्रभुभोजनांत भाग घेण्यास तयार झाले होते. पंचांपुढें त्यांची परीक्षा झाली, तेव्हां आम्हीही तेथें बसलों होतों. त्यांतील एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा प्रश्न ऐकतांना भिंतीकडे पाही, सदऱ्याचें बटण बोटांनीं एकसारखें फिरवी, व उत्तर देण्यास फार वेळ घेई. पश्चात्ताप म्हणजे काय, असें विचारल्यावर इतरांनीं पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखविली. हा मुलगा भिंतीकडे पाहत म्हणाला, "मीं शेजाऱ्यांची विहिरीची दोरी तोडली होती. नवी आणून दिली." इतकेंच. एक पंच म्हणाले, "याचें मन येथें नाहीं. बोलणाराकडे बघतसुद्धां नाहीं." मुलास एक वर्ष थांबविण्यांत आलें. आम्ही गप्प बसलों, व तो दोष आमच्याही पदरीं आहे. त्याची आई दाराशीं उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तो ऐकतो तेव्हां बघत नाहीं, आणि बघतो तेव्हां त्याला ऐकूं येत नाहीं." तिचें हें वाक्य आम्हीं त्या दिवशीं ऐकलें, पण त्याचा अर्थ आमच्या ध्यानीं आला नाहीं.

त्या आईनें जें सांगितलें त्यास आज विद्वानांचाही आधार आहे. कांहीं मनुष्यांच्या मेंदूची घडण जन्मापासूनच निराळी असते. तीस ऑटिझम असें नांव आहे. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनीं अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. मराठींत या घडणीस स्वमग्नता म्हणतात, म्हणजे आपल्यांतच बुडून जाणें. नांवांतच न्याय होऊन गेला! परंतु अशी घडण असलेलीं माणसें पुढें स्वतः लिहूं-बोलूं लागलीं, तेव्हां त्यांपैकीं पुष्कळांनीं सांगितलें कीं, दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहणें आम्हांस असह्य होतें; बळेंच पाहावें तर शब्द कानांवर पडतात पण अर्थ लागत नाहीं. २०१७ सालच्या एका संशोधनांत अशा व्यक्तींस चेहरे दाखवून डोळ्यांकडेच पाहावयास लाविलें, तेव्हां मेंदूच्या खोल भागांत, जेथें भय व सावधगिरी जागी होते तेथें, इतरांपेक्षां अधिक खळबळ आढळली. सर्वांचेंच असें असतें असें नाहीं. कोणी सहज पाहतो, कोणी एकसारखा टक लावून पाहतो. इंग्लंडांतील डेमियन मिल्टन हे समाजशास्त्रज्ञ स्वतः या घडणीचे आहेत. त्यांनीं २०१२ सालीं असें मांडिलें कीं, समजण्यांतील उणीव दोन्ही बाजूंची असते. त्यास आमचें मन कळत नाहीं असें आम्ही म्हणतों, पण आम्हांस तरी त्याचें कोठें कळलें?

कोणी म्हणेल, "तें असो, पण खोटें बोलणारा नजर चुकवितो हें तर खरें ना?" हा समज जगभर आहे. २००६ सालीं अनेक देशांतील लोकांस विचारून केलेल्या पाहणींत हाच समज सर्वांत प्रबळ दिसून आला. परंतु २००३ सालीं बेला डीपाउलो व त्यांचे सहकारी यांनीं पुष्कळ प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हां नजरेवरून खोटें ओळखण्यास भरंवशाचा आधार सांपडला नाहीं. आणि शास्त्रांत शोधणारास याहून जुना पुरावा आहे. यहूदा गेथशेमाने बागेंत प्रभूजवळ आला तेव्हां त्याच्या वागण्यांत कोणती उणीव होती? तो जवळ आला, त्यानें गुरु म्हणून नमस्कार केला, चुंबन घेतलें. प्रेमाचें प्रत्येक चिन्ह तेथें होतें. प्रेम तेवढें नव्हतें.

आतां त्या मुलाची पुढील हकीकत सांगितली पाहिजे. दुसऱ्या वर्षीं तो परीक्षेस आला तो पंचांकडे टक लावून पाहत राहिला. हात मांडीवर स्थिर. व्याख्या न चुकतां म्हणून दाखविली. सर्वांस समाधान वाटलें, व त्याचें नांव दाखल झालें. पुढें एकदां शेताच्या वाटेनें आम्ही बरोबर चाललों असतां तो आपण होऊन म्हणाला, "मी त्यांच्या भुवया बघत होतों. काय विचारलें तें कळलें नाहीं. आईनें क्रमानें पाठ करून दिलें होतें, तसें म्हटलें."

वाचकहो, पहिल्या वर्षीं त्यानें खरें सांगितलें, आणि आम्हीं त्यास परत पाठविलें. दुसऱ्या वर्षीं त्यानें सोंग केलें, आणि आम्हीं त्यास आंत घेतलें. प्रामाणिक दिसावें म्हणून शरीरानें खोटें बोलावयास आम्हींच त्यास शिकविलें. लहानांस अडखळण आणणारांविषयीं प्रभु किती कठोर बोलला हें आठवून आमचें मन आजही अस्वस्थ होतें.

मग शिष्टाचार सोडावयाचे काय? नाहीं. शिष्टाचार शेजाऱ्याचा मान राखण्यासाठीं आहेत, व तो मान ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणें दिला जातो. लंगड्यास उठून उभा राहिला नाहीं म्हणून कोणी बोल लावीत नाहीं. तसेंच हे बंधु आमच्याहून अधिक पवित्र आहेत असेंही आम्ही म्हणत नाहीं; त्यांच्यांतही खरें व खोटें बोलणारे असतात. त्यांचीही पारख शब्दांवरून व कृतीवरून व्हावी, जशी आमची व्हावी असें आम्हांस वाटतें. विहिरीची दोरी नवी आली होती कीं नाहीं, हें पंचांनीं शेजाऱ्यास विचारावयाचें होतें.

उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे. अशा मुलाशीं समोरासमोर बसून बोलण्यापेक्षां शेजारीं बसून, किंवा चालतां चालतां, किंवा हातांत काम असतांना बोलावें. एका वेळीं एकच प्रश्न विचारावा, व उत्तरासाठीं थांबावें. त्याचीं बोटें हलत असलीं तर हलूं द्यावीं. त्याच्या आईबापांस दोष देऊं नये, व यांत भूतबाधा शोधूं नये. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं पाप कोणाचें असें विचारलें तेव्हां प्रभूनें काय उत्तर दिलें तें सर्वांस ठाऊक आहे. सरकारनेंही २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यांत या घडणीचा समावेश केला आहे. दाखल्याविषयीं जिल्हा रुग्णालयांत चौकशी करण्यास घरच्यांस साहाय्य करावें.

एली याजकानें हन्नेचे हलणारे ओठ पाहिले व तिला मद्यपी ठरविलें. पण त्याचें एक चांगलें कीं, तिनें उत्तर दिल्यावर त्यानें तें ऐकून घेतलें व तिला शांतीनें जाण्यास सांगितलें. आमच्या हातून चूक झाली असेल तर निदान तेवढें तरी आम्ही करूं या. आणि मंदिरांत दूर उभा राहिलेला तो जकातदार! त्यानें डोळे वर केले नाहींत, तरी तोच नीतिमान ठरून घरीं गेला. प्रत्येक मंडळीच्या पंचांनीं पुढील परीक्षेस बसण्यापूर्वीं लूकाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय मिळून वाचावा, आणि त्या जकातदारास आपण आंत घेतलें असतें कीं एक वर्ष थांबविलें असतें, हें एकमेकांस विचारावें.