विरळणी

नोव्हेंबर सरत आला होता. निफाडजवळच्या एका वस्तीवर नाताळची साफसफाई निघाली होती. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी इफिसची गोष्ट सांगितली होती. जादूटोणा सोडलेल्या विश्वासणाऱ्यांनी 50,000 चांदीच्या नाण्यांच्या किमतीची पुस्तकं सगळ्यांदेखत जाळली होती. ते ऐकून सोळा वर्षांचा नातू पेटूनच घरी आला. शिक्षक असलेल्या दिवंगत आजोबांची पेटी त्यानं उघडली आणि कादंबऱ्या, दिवाळी अंक, ‘स्मृतिचित्रे’, तुकोबांची गाथा सगळं पोत्यात कोंबलं.

आजीनं पोत्याकडे पाहिलं, मग त्याच्या उशाशी चार्जिंगला लावलेल्या मोबाइलकडे.

“जाळायचं तर उद्या संध्याकाळी जाळू,” ती म्हणाली. “सकाळी कॉलेजच्या आधी माझ्याबरोबर बागेत चल. विरळणीला माणसं कमी पडताहेत.”

ऑक्टोबर छाटणीला दीड महिना होत आला होता. घडांत बारीक हिरवे मणी दाटले होते. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया झपाझप कात्री चालवत होत्या. नातवानं एक घड धरला, वाळके आणि किडके मणी काढले. “झालं, आजी.”

आजीनं तोच घड हाती घेतला आणि चांगले टवटवीत मणी कापायला लागली.

“अगं, हे तर चांगले आहेत!”

“चांगलेच आहेत, बाळा. पण वेलीचा रस मोजका. सगळे ठेवले तर एकही नीट फुगत नाही. दाटीत मणी एकमेकांना चेपतात, फुटतात. वरून घड भरलेला दिसतो आणि आतून कूज धरतो.”

पुढच्या घडावर त्यानं रागारागानं कात्री चालवली. चार-दोन मणी उरले. आजी म्हणाली, “हा बोडका झाला. याला बाजारात कोण विचारील?”

न्याहारीला दोघं बांधावर बसली.

“इफिसात पुस्तकं जळली, खरं आहे,” आजी म्हणाली. “पण ज्यांची होती त्यांनीच, आपल्या हातानं जाळली. दुसऱ्याची पेटी कुणी उघडली नाही. आणि पौल अथेन्सला गेला तेव्हा तिथल्या कवींचेच बोल घेऊन त्यानं देवाची ओळख करून दिली. तुझे आजोबा सांगायचे, कवी रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. गाथा जाळली असती तर आपल्या मंडळीला तिचा कवी कुठून मिळाला असता?”

“मग कापायचं काय?”

“उशाशी काय असतं ते तुलाच ठाऊक. प्रभूनं पित्याला माळी म्हटलंय. माळ्याची कात्री फळ धरणाऱ्या फांदीवरही चालते.”

नातू गप्प झाला. मोबाइलमध्ये सगळंच घाण नव्हतं. क्रिकेट होतं, विनोद होते, गाणी होती. पण एकामागून एक, मध्यरात्र उलटेपर्यंत. मधूनच असंही काही, जे आजीसमोर उघडता आलं नसतं. सकाळची प्रार्थना कधी सुटली, त्याला कळलंही नव्हतं.

संध्याकाळी त्यानं पोतं रिकामं केलं. एकेक पुस्तक पुसून पेटीत परत ठेवलं. गादीखाली लपवलेली स्वतःची दोन पुस्तकं मात्र चुलीत गेली. जे आजीपासून लपवावं लागे, ते मोबाइलमधून कायमचं पुसलं. क्रिकेट ठेवलं, पण वेळ ठरवून. चार्जर त्यानं स्वयंपाकघरात नेऊन लावला आणि उशाशी शुभवर्तमान ठेवलं. त्याच्याखाली गाथा.

फेब्रुवारीत द्राक्षं उतरली. आजीनं विरळलेला घड टपोऱ्या मण्यांनी वाकला होता. शेजारी तो बोडका घड तसाच लोंबत होता. नातवानं दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं आणि मग आजीच्या हातातली कात्री आपल्या हातात घेतली.

बोध: सडलेलं ओळखायला डोळे पुरतात. चांगल्यातलंही किती ठेवायचं हे ओळखायला आपल्याला कोणतं फळ द्यायचं आहे, ते आधी ठरवावं लागतं.