विहाराची किल्ली

परवा एक सुशिक्षित धम्मबंधू मला म्हणाले, "गुरुजी, तथागतांनी घर सोडले. भिक्खूंनीही घर सोडले. ज्या धम्माचा प्रणेताच अनगारिक, म्हणजे घर नसलेला, त्या धम्माच्या माणसाने बेघरांची एवढी चिंता कशाला करावी?" ते थट्टेने बोलले होते. परंतु हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तो मला का बोचला, हे प्रथम सांगतो.

गेल्या जुलैतील एका रात्री आमच्या वस्तीतील विहारात समितीची बैठक चालू होती. बाहेर मुसळधार पाऊस होता. साडेनऊच्या सुमारास एक बाई दोन मुले आणि म्हातारी सासू यांना घेऊन ओसरीत येऊन उभी राहिली. उड्डाणपुलाखाली त्यांचे बिऱ्हाड होते आणि तेथे पाणी शिरले होते. तिने एवढेच विचारले, "दादा, सकाळपर्यंत इथं पडू का?" आम्ही सातजण होतो. एकजण म्हणाला, पोलीस आपल्यालाच विचारतील. दुसरा म्हणाला, आज चार आलेत, उद्या चाळीस येतील. तिसऱ्याला फरशीची काळजी होती. मी काहीच म्हणालो नाही. आमचे बोलणे संपण्यापूर्वीच ती पोरांना घेऊन निघून गेली. आम्ही सरणत्तयं म्हटले आणि दाराला कुलूप लावले. त्या महिन्यात किल्ली माझ्याकडे होती.

तेव्हापासून मी स्वतःला विचारतो आहे: आम्ही चुकलो काय? आणि चुकलो असू तर नेमके कोठे?

घर सोडणे आणि घर नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. सिद्धार्थ गौतमाला घर होते, म्हणून त्याला ते सोडता आले. ज्याच्याजवळ काही नाही, तो त्याग कशाचा करणार? उपवास करणारा आणि उपाशी असणारा, दोघांचेही पोट रिकामेच असते. परंतु उपवास करणाऱ्याला तो कधीही सोडता येतो. बेघर माणसाला असा पर्याय नाही. म्हणून त्याच्या स्थितीला वैराग्याचे नाव देणे ही त्याची क्रूर चेष्टा आहे.

शिवाय ज्यांनी स्वेच्छेने घर सोडले, त्यांनाही तथागतांनी उघड्यावर सोडले नाही. विनयातील महावग्गात वर्षावासाचे नियम आहेत. भिक्खूने उघड्या आकाशाखाली वर्षावास करू नये, निवासाशिवाय करू नये, झाडाच्या ढोलीत करू नये, छत्रीखाली करू नये, मोठ्या रांजणात करू नये, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. आता याच्या शेजारी दुसरी एक यादी ठेवून पाहा. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशातील बेघरांची मोजणी झाली. रस्त्याच्या कडेला, फूटपाथवर, सिमेंटच्या मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर झोपणाऱ्यांना त्या रात्री मोजले गेले. देशात ही संख्या १७ लाख ७० हजारांच्या वर गेली. एकट्या महाराष्ट्रात ती २ लाख १० हजारांच्या आसपास होती. अडीच हजार वर्षांपूर्वी जे रांजणात राहणे भिक्खूलाही योग्य नव्हे असे ठरले, तेच आज सिमेंटच्या नळाच्या रूपाने आमच्या बायकापोरांच्या वाट्याला आले आहे!

कोणी म्हणेल, ते नियम संघासाठी होते, सामान्यांसाठी नव्हते. हे खरे आहे. परंतु निवास कशासाठी हवा, याची चुल्लवग्गात दिलेली कारणे पाहा. थंडी, ऊन, पाऊस, वारा, साप आणि डास यांपासून रक्षण, ही ती कारणे. ती शरीराची कारणे आहेत, चीवराची नव्हेत. फूटपाथवर झोपलेल्या पोराला काय डास चावत नाहीत?

तेथेच दुसरी एक गोष्ट आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने साठ विहार बांधले आणि त्यांचे काय करावे असे विचारले. तेव्हा तथागतांनी सांगितले, की चारही दिशांच्या संघाला, आलेल्यांना आणि अजून न आलेल्यांना ते अर्पण कर. ‘उद्या चाळीस येतील’ या आमच्या भीतीचे उत्तर मला येथे सापडले. आज आलेले आमच्या ओळखीचे असोत वा नसोत, उद्या येणारेही त्यात आहेत, असे समजूनच दार बांधावयाचे असते. विहार या शब्दाचा मूळ अर्थच राहण्याची जागा असा आहे. जेतवन विहार देणाऱ्या सुदत्ताला लोक अनाथपिंडिक म्हणत, म्हणजे अनाथांना अन्न देणारा. विहार आणि अनाथ यांची गाठ अशी मुळापासून आहे. ती आम्ही सोडवली आणि कुलूप लावले.

आणि निवारा नाकारला जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावे लागावे काय? १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशांच्या ज्या धर्मशाळेत ते उतरले होते, तेथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. ते कामाठीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. विद्या होती, पदवी होती, पगार होता. फक्त छप्पर नव्हते. तेथे जात आडवी आली. आमच्या ओसरीत कोण आडवे आले? त्या बाईची जात आम्ही विचारली नाही, याचे मला प्रथम समाधान वाटले होते. आता वाटते, तिचा फाटका पदर पाहूनच आम्ही निर्णय घेतला आणि तोही जन्माने चिकटलेल्या शिक्क्यासारखाच वापरला.

आपल्यापैकी काहीजण आजही म्हणतात, "ज्याचे त्याचे कर्म." बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्मावर दारिद्र्याचा बोजा टाकणारा सिद्धांत नाकारला आहे, कारण तो मान्य केला की समाज आणि शासन दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात. शिवाय अनुभवही या सिद्धांताच्या उलट आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली आणि पुण्यातील हजारो कुटुंबे एका दिवसात बेघर झाली. पेठांतील ब्राह्मण-मराठ्यांपासून नदीकाठच्या झोपडीवाल्यांपर्यंत सर्वांना पुराने गाठले. तेव्हा त्यांना ‘तुमचे कर्म’ असे कोणी म्हटले नाही. शाळा उघडल्या गेल्या. पत्र्याचे अर्धगोल निस्सेन हट उभे राहिले. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. हे योग्यच झाले. परंतु मग १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडावे लागलेला मजूर आपत्तिग्रस्त का नाही? ज्याचे घर दोन तासांत वाहून जाते तो पूरग्रस्त, आणि ज्याचे घर कर्ज, आजारपण व बेकारी यांनी दहा वर्षांत वाहून जाते तो उपरा, हा कोठला न्याय? पाणी तेच आहे, फक्त ते हळू चढते.

हळू चढणाऱ्या पाण्याचेही बळी जातात. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोलीत केसनंद फाट्यावर फूटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर रात्री डंपर गेला. तिघांचा अंत झाला. त्यांत दोन लहान मुले होती. ही माणसे अमरावती जिल्ह्यातून कामासाठी आली होती. चालक दारू प्यालेला होता असे पोलिसांनी सांगितले. त्याचा अपराध त्याच्यापाशी. परंतु जे शहर मजुराला घर बांधावयास बोलावते आणि रात्री त्याला फूटपाथ दाखवते, त्या शहराचा काहीच अपराध नाही काय?

कायदा या बाबतीत दोन तोंडांनी बोलत आला आहे. १९५९ च्या मुंबईच्या भीक प्रतिबंधक कायद्याने उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत ओढले. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तेथे लागू असलेली त्याची शिक्षेची कलमे रद्द ठरवली. दुसरीकडे १९८५ मध्ये मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. मात्र फूटपाथवर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. पुढे दर एक लाख नागरी वस्तीमागे शंभर माणसांचा, वर्षभर चोवीस तास चालणारा निवारा असावा असे प्रमाण ठरले. २०१३ पासूनच्या शहरी बेघरांच्या योजनेत माणशी ५० चौरस फूट जागा धरली होती. २०११ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाखांवर लोक होते. हे गणित माझ्या पाचवीच्या मुलांनाही येईल: निदान तीन हजार शंभर माणसांची सोय. स्टेशनसमोर किंवा स्वारगेटला मध्यरात्री एक फेरी मारावी आणि गणित जुळते काय ते ज्याचे त्याने पाहावे.

तर मग हे काम शासनाचे की आमचे? समितीत आम्ही "हे महापालिकेचे काम" असे म्हणून सुटलो होतो. म्हणणे खरे होते, सुटका खोटी होती. निवारा हा हक्क असला पाहिजे, दान नव्हे. कारण दानात किल्ली देणाऱ्याच्या खिशात राहते आणि त्याच्या मर्जीने दार उघडते. म्हणून महापालिकेकडे हिशेब मागणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु हक्क मिळेपर्यंत पाऊस थांबत नाही. महात्मा फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा सरकारच्या कायद्याची वाट पाहिली नाही. त्यांनी आधी दार उघडले. हक्क मागण्याचा अधिकार ज्याने आपले दार उघडले आहे त्याच्या तोंडी अधिक शोभतो.

मला माझ्या अडचणी ठाऊक आहेत. विहार लहान आहे. संडास एकच आहे. भांडणे होतील, चोरी होईल, पोलीस येतील. या खऱ्या अडचणी आहेत आणि त्यांवर नियम करता येतात: रात्री किती जण, कोणत्या वेळेपर्यंत, झाडलोट कोणी करावयाची, आजाऱ्याला दवाखान्यात कोणी न्यावयाचे. परंतु अडचण ही नियम करण्याचे कारण असते, नकाराचे नव्हे. आम्ही त्या रात्री नियमांची चर्चा केली असती, तर मी हा लेख लिहिला नसता.

पुढील बैठकीत मी ठराव मांडणार आहे, की पावसाळ्याचे चार महिने विहाराची ओसरी रात्री उघडी ठेवावी. ठराव पडण्याचा संभव आहे. तो पडला तरी यावेळी मी गप्प बसलो अशी नोंद इतिवृत्तात होणार नाही. ती बाई पुन्हा येईल की नाही, मला माहीत नाही. तिचे नावही आम्ही विचारले नव्हते. परंतु न आलेल्यांसाठीही दार बांधावयाचे असते, एवढे मला आता समजले आहे.