पलित आणि वार्धक्य

संगणकावर आणि मोबाइलवर जगातील सर्व लिप्या एकसारख्या उमटाव्यात यासाठी ठरवलेल्या युनिकोड या प्रमाणपद्धतीत वृद्ध पुरुष आणि वृद्ध स्त्री यांच्या इमोजी, म्हणजे चित्रचिन्हे, २०१० सालापासून आहेत. पांढऱ्या केसांचा पुरुष आणि पांढऱ्या केसांची स्त्री मात्र २०१८ साली आली, आणि २०१९ मध्ये लिंगभेद न दाखवणारी पांढऱ्या केसांची व्यक्तीही त्यांना येऊन मिळाली. वृद्धांसाठी चिन्ह असताना दुसऱ्याचे प्रयोजन काय, या प्रश्नाचे उत्तर चिन्हाच्या घडणीतच सापडते. वृद्धाचे चिन्ह एकसंध आहे. पांढऱ्या केसांची व्यक्ती मात्र तीन घटकांनी बनते : व्यक्ती, पांढरे केस आणि त्या दोहोंना सांधणारा एक अदृश्य जोडक. (‘वाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा ‘र’ संगणकावर उमटवण्यासाठीही हाच जोडक वापरता येतो.) ज्या उपकरणाला ही जोडणी उमगत नाही, तेथे व्यक्ती आणि केस सुटे दिसतात.

वैशेषिक दर्शनाने संबंधाचे दोन प्रकार मानले आहेत. वस्त्र आणि त्याचे धागे यांच्यातील अतूट संबंध तो समवाय, आणि दोन स्वतंत्र वस्तू जवळ येऊन होणारा, म्हणूनच तुटू शकणारा, तो संयोग. या परिभाषेत बोलायचे तर जुने चिन्ह वार्धक्याला माणसाचे स्वरूपच मानते, नवे चिन्ह पांढरेपणा संयोगाने जोडते. आणि तत्त्वदृष्ट्या नवे चिन्हच अधिक सत्य आहे. कारण ‘केस पांढरे, म्हणून माणूस वृद्ध’ या अनुमानातील हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, व्यभिचारी आहे, म्हणजे जे सिद्ध करायचे ते नसलेल्या ठिकाणीही तो आढळतो. सुश्रुतसंहितेत पलिताची, म्हणजे केस पिकण्याची, गणना क्षुद्ररोगांत केली असून क्रोध, शोक आणि श्रम यांमुळे शरीरातील उष्णता व पित्त मस्तकात गेल्याने केस पिकतात असे कारण दिले आहे. तेथे वयाचा उल्लेख मुख्य नाही.

मनुस्मृतीत पलिताविषयी वरवर परस्परविरोधी वाटणारी दोन विधाने आहेत. डोके पांढरे झाल्याने कोणी वृद्ध ठरत नाही, तरुण असूनही जो विद्यावान तोच खरा वृद्ध, असे दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. सहाव्या अध्यायात मात्र सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवंड दिसताच गृहस्थाने वनाचा मार्ग धरावा अशी आज्ञा आहे. विरोध मिटतो तो ही विधाने कोणाविषयी आहेत हे ध्यानात घेतल्यावर. पहिले विधान इतरांकडून मान मागण्याविषयी आहे, दुसरे स्वतःला सावध करण्याविषयी. धम्मपदातही थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, कोण याचा निर्णय केसांवरून न करता सत्य, अहिंसा आणि संयम यांवरून केला आहे. आणि तरीही बौद्ध परंपरेतच मखादेव जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एक कथा, आहे.

विदेहाचा राजा मखादेव याने आपल्या न्हाव्याला सांगून ठेवले होते की पहिला पांढरा केस दिसताच कळवावे. तो दिसला, न्हाव्याने सोन्याच्या चिमट्याने उपटून राजाच्या तळहातावर ठेवला, आणि राजाने न्हाव्याला एक गाव इनाम देऊन, ज्येष्ठ पुत्राच्या हाती राज्य सोपवून प्रव्रज्या, म्हणजे संन्यास, घेतली. भारहूतच्या स्तूपावर हा प्रसंग कोरलेला आहे, आणि पांढऱ्या केसाला अर्थ देणारे ते एक फार प्राचीन चित्र म्हणावे लागेल. या कथेत न्हावी केस दाखवतो, पण निष्कर्ष काढत नाही. त्याने केस दाखवला तोही राजाची तशी पूर्वाज्ञा होती म्हणून. केसाचा अर्थ राजाने स्वतः लावला.

इमोजीच्या वापरातील नैतिक प्रश्न नेमका येथे उभा राहतो. केस रंगवणे सोडून दिलेली एखादी स्त्री जेव्हा आपल्या नावापुढे हे चिन्ह लावते, तेव्हा ती मखादेवाच्या जागी असते. वय, आजार वा वंशपरंपरा यांपैकी कशामुळे केस पिकले हे सांगण्याचे बंधनही तिच्यावर नसते. हेच चिन्ह मुलांनी आईच्या नावापुढे परस्पर लावले, किंवा कार्यालयातील गटात एखाद्या सहकाऱ्याच्या सूचनेला उत्तर म्हणून नुसते तेवढेच पाठवले, तर व्यभिचारी हेतूवरून काढलेला निर्णय दुसऱ्याच्या माथी मारला जातो. उद्देश चांगला असला, आदराचा असला, तरी हा दोष उरतोच, कारण त्या माणसाने न्हाव्याला काहीच सांगून ठेवलेले नसते.