बोनेट उघडण्याआधी

आज गाडी सुरू करायची नाही. किल्ली खिशातच असू द्या. दार उघडा, आत बसा, दार लावून घ्या. बिजागरी झिजलेली आहे, तेव्हा नेहमीसारखं जरा वर उचलूनच लावावं लागेल. काच चार बोटं खाली करा. हात स्टिअरिंगवर नकोत, मांडीवर राहू देत.

गॅरेजवाल्याने दिलेला एस्टिमेटचा कागद असेल तर तो शेजारच्या सीटवर पालथा ठेवा. त्याच्याकडे आपण वळणार आहोत, पण आत्ता नाही.

आधी नुसता वास घ्या. जुन्या गाडीला तिचा असा वास असतो. माझ्या गाडीला ओल्या छत्रीचा आहे, आणि त्याखाली कुठेतरी एका मे महिन्यात डिकीत फुटलेल्या हापूसच्या पेटीचा. त्या वासाबरोबर माणसं आठवतील, प्रवास आठवतील, रात्री दोन वाजता दवाखान्याकडे पळवलेली गाडी आठवेल. येऊ द्या सगळं. अडवू नका. अडवलं की ते पुढे हिशेबात शिरतं आणि आकड्याचं सोंग घेऊन बसतं.

माझं प्रकरण सांगतो, म्हणजे तुमचं शेजारी ठेवून पाहायला सोपं जाईल. गाडी 2011ची, पेट्रोलवरची लहान हॅचबॅक. मी ती 2016 साली सेकंडहँड घेतली, 1 लाख 90 हजारांना. मुक्काम रत्नागिरी. गेल्या महिन्यात कोल्हापूरला जाताना आंबा घाटात तापमानाचा काटा वर सरकायला लागला. बाजूला घेतली, तासभर थांबलो, पाणी घातलं, कशीबशी परत आणली. मेकॅनिकने ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा दुधाळ थर. पावसाळ्यात नुसत्या दमटपणानेही कधीकधी असा थर धरतो, म्हणून त्याने डिपस्टिक पाहिली, मग प्लग काढून कम्प्रेशन चेक केलं. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत ते पडलेलं. “काका, हेड गॅस्केट गेलंय.” हेडचं काम, रेडिएटर, त्यातच क्लच प्लेट आणि लोअर आर्म मिळून कागदावर 42 हजार. गाडी चालू स्थितीत विकली असती तर 70-75 हजार आले असते.

ज्याला ज्याला सांगितलं त्याने एकच म्हण ऐकवली: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

या म्हणीपाशी थोडं थांबू. डोळे मिटायचे असतील तर मिटा. ती कोंबडी कसली आहे? कापायची. संध्याकाळी ताटात येणारी. तिच्यासाठी मसाला महाग पडला तर माणूस मूर्खच. पण तुमच्या अंगणातली कोंबडी कापायची आहे की अंडी देणारी आहे? अंडी देणाऱ्या कोंबडीच्या औषधाला कुणी बाजारभाव लावत नाही. ती अजून किती दिवस अंडी देईल, एवढंच विचारतात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहायची आपल्याला सवय झालेली आहे, आणि ती चुकीची आहे. तुम्ही गाडी विकायला काढली असेल तरच ती किंमत कामाची. वापरायची असेल तर प्रश्न वेगळा.

आता कागद उलटा करा. बेरजेकडे पाहू नका, एकेक ओळ वाचा. प्रत्येक ओळीशी थांबून विचारा: हे झिजलंय, मोडलंय, की सडलंय?

झिजणारं ते झिजणारच. क्लच प्लेट, ब्रेक, टायर, बॅटरी. नवी गाडी घेतली तरी काही वर्षांनी हीच बिलं येणार आहेत. तो गाडीने केलेला विश्वासघात नव्हे. मोडलेलं म्हणजे गॅस्केट, गिअरबॉक्स. त्याला पैसे लागतात, पण ते नीट होतं.

सडलेलं मात्र वेगळं. आता गाडीतून उतरा. हो, खरंच उतरा. खाली वाका आणि दाराच्या खालच्या पट्टीवर, दोन्ही चाकांच्या मधल्या भागावर अंगठा दाबत जा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोका. टणक आवाज येत गेला तर ठीक. मध्येच आवाज बसका झाला, रंगाखाली पापडासारखं काही चुरलं, तर तिथेच थांबा. आमच्या किनाऱ्यावर गाड्या इंजिनाने मरत नाहीत, पत्र्याने मरतात. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. आतली मॅट आणि तिच्याखालचं कार्पेट उचलून जमीनही पाहा. इंजिन पुन्हा बांधता येतं. सडलेल्या पत्र्यावर तुकडे वेल्ड करत जाणं म्हणजे विरलेल्या धोतराला ठिगळ लावणं, टाक्याशेजारीच पुन्हा फाटतं.

सरकारलाही पत्रा पाहायचा असतो. टॅक्सीची गोष्ट वेगळी: मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरात थांबली ती इंजिन दमलं म्हणून नव्हे, वीस वर्षांची मुदत भरली म्हणून. आपल्या खाजगी गाडीचं तसं नाही. पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी, 5 हजार रुपये फी, वर पर्यावरण कर, आणि पास झाली तर पुढची पाच वर्षं. माझ्या गाडीची पंधरा वर्षं आता भरताहेत. म्हणजे क्रम उलटा नको: आधी पत्रा, मग तपासणीत टिकेल का याचा अंदाज, आणि इंजिनवर पैसा त्यानंतर. मी हे जवळजवळ उलटं करणार होतो.

परत आत बसा. दार लावा.

गेल्या वर्षी सस्पेन्शनला घातलेले 14 हजार आठवताहेत का? “आत्ताच तर एवढे घातले!” हे वाक्य मनात येईल. ते कुठल्या बाजूने बोलतंय ते बघा. कधी ते म्हणतं, एवढे घातले तर आता सोडायची कशी. कधी म्हणतं, एवढे घातले, आता एक पैसा नाही. दोन्ही वेळा ते गेलेल्या पैशाबद्दलच बोलतंय. तो पैसा खड्ड्यांवरून हसतखेळत जाण्यात वसूल झाला किंवा बुडाला. आजच्या निर्णयात त्याला खुर्ची नाही.

पुढचे चोवीस महिने समोर आणा. 42 हजार भागिले चोवीस, महिना 1750. हे ऐकून लगेच खूश होऊ नका, मी झालो होतो. टायर आणि बॅटरी यादीत नाहीत, ते आज ना उद्या येणार. वरचे 20 हजार धरले की महिना अडीच हजारांच्या आसपास. समोर नवी गाडी: पाच लाखांचं कर्ज, 9 टक्के, पाच वर्षं, हप्ता 10 हजारांच्या वर. अर्थात हप्ते संपले की हातात गाडी उरते, हेही प्रामाणिकपणे मांडायला हवं. दुसरी जुनी गाडी घेतली तर तिचे आजार तुम्हाला माहीत नाहीत. (घेतलीच तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का पाहा. जुलै 2021च्या चिपळूणच्या पुरानंतर ही सवय मला लागली.) आणि आठवड्यातले पाच दिवस गाडी उभीच असेल, तर रिक्षा आणि एसटी यांचाही हिशेब मांडायला हरकत नाही.

एक गोष्ट या कुठल्याच आकड्यात बसत नाही, ती इथे शांतपणे पाहा. या सीटवर आणखी कोण बसतं? 1 जुलै 2019पासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. माझी त्याआधीची, एअरबॅग नसलेली. मी एकटा बाजारात जातो तोवर ते मला चालतं. मुलगी हीच गाडी घेऊन पावसात घाट उतरणार असेल, तर महिना अडीच हजार हा आकडा मला स्वस्त वाटत नाही. मी ठरवलं, मुलगी घाटात ही गाडी नेणार नाही. ती म्हणाली, “बाबा, मग तुम्हीही नाही न्यायची.” यावर अजून माझ्याकडे उत्तर नाही.

शेवटचं एक काम. “हेड काढल्याशिवाय पक्का आकडा मी सांगणार नाही,” असं मेकॅनिक म्हणाला होता, आणि म्हणूनच तो मला भरवशाचा वाटला. पण इंजिन उघडं पडलं, बोल्ट ट्रेमध्ये सुटे झाले, की आपली मान लवचीक होते. तो जो आकडा म्हणेल त्याला आपण हो म्हणतो. म्हणून आत्ता, बोनेट बंद असताना, एक आकडा ठरवा. त्याच्या वर गेलं तर उघडण्याची मजुरी द्यायची आणि हात जोडायचे. चिठ्ठीवर लिहा. माझ्या चिठ्ठीवर 48 हजार लिहिलंय.

आता किल्ली काढा, पण फिरवू नका. माझी गाडी टोचन करूनच न्यावी लागली.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिकचा फोन आला, लेथवाल्याकडे या म्हणून. हेड टेबलावर उलटं ठेवलेलं, घासून पुसून चकचकीत. लेथवाल्याने पोलादी पट्टी त्यावर आडवी, कडेवर उभी धरली आणि मागे मोबाइलचा टॉर्च लावला. हेड वाकलं असेल तर पट्टीखालून उजेड येतो. खिशातल्या चिठ्ठीवर हात ठेवून मी त्याच्या शेजारी वाकलो.