बाप लग्नाला गेला नाही

लेकीच्या पाठवणीला भलेभले बाप हळवे होतात. पण बाप लग्नालाच गेला नाही तर?

हा बाप म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. 1906 साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. त्यांची लेक इंदिराराजे बडोदा कॉलेजात शिकली. शिकली, आणि स्वतःचं स्वतः ठरवू लागली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरलेलं लग्न तिनं परस्पर पत्र लिहून मोडलं. घरी कळलं ते ग्वाल्हेरच्या तारेनं!

मुलांना शिकवणं सोपं, मंडळी. त्यांचं ऐकणं अवघड. एवढ्या मोठ्या सुधारकालाही ते ऐकणं अवघड गेलं.

1913 साली लंडनमध्ये इंदिराराजेंनी कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केलं. आईवडिलांनी अखेर नाइलाजानं होकार दिला होता. लग्नाला मात्र दोघंही गेले नाहीत.